टपावरचं पाणी

शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला कोड टाकू नये, हे आमच्या धंद्यातलं पहिलं ब्रह्मवाक्य. ते मला पाठ आहे, नव्या पोरांना मी ते ऐकवतोही. आणि तरीही गेल्या जुलैत एका शुक्रवारी रात्री साडेदहाला मी पार्किंगमध्ये स्टुलावर उभा राहून माझ्या जीपच्या टपाला सिलिकॉनची ट्यूब फासत होतो. पहाटे चारला तोरणमाळला निघायचं होतं.

गाडीची थोडी ओळख करून देतो. जुनी, तिसऱ्या हाताची जीप. मूळचा कॅनव्हासचा हूड आधीच्या मालकाने काढून फायबरचा टप बसवून घेतलेला. त्याच्या पुढच्या भागात दोन फळ्या. क्लिपा सोडवल्या की डोक्यावर आभाळ. जानेवारीत या फळ्या म्हणजे स्वर्ग. जुलैत मात्र चालकाच्या मांडीवर थेंब, थेंब, थेंब. थेंब दोन फळ्यांच्या मधल्या सांध्यातून पडतो हे दिसत होतं. म्हणून मी तो सांधा, त्याच्या बाजूची खाच आणि जिथे जिथे फट दिसली ते सगळं सिलिकॉनने बुजवून टाकलं. सकाळी बादलीभर पाणी ओतलं. एक थेंब नाही! टेस्ट पास. निघालो.

सोबत बाबा होते. ते १९८० च्या दशकात चार वर्षं अक्राणी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेवर शिक्षक होते. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता. तो धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. त्यांच्या वेळचे शाळेचे शिपाई आता तोरणमाळजवळ मुलाकडे राहतात. त्यांना भेटायचं, आणि त्या वेळचे अकरा फोटो त्यांना द्यायचे, एवढाच बाबांचा कार्यक्रम होता. फोटो खाकी पाकिटात, पाकीट कापडी पिशवीत, पिशवी त्यांच्या पायाशी.

धुळ्यापर्यंत कोरडं. सारंगखेड्याला तापी ओलांडली तेव्हा भुरभुर. शहाद्याहून तोरणमाळ साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर आणि शेवटी सातपायरीचा घाट. तिथे जो पाऊस धरला तो वर पोचेपर्यंत. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या वर आहे. जुलैत तिथे ढग आणि रस्ता यांच्यात फारसा फरक उरत नाही. आणि डोक्यावरून एक थेंबही नाही! मी दोनतीनदा सांध्यावर बोट फिरवून बाबांना दाखवलंसुद्धा.

यशवंत तलावापाशी गाडी थांबवली. बाबांनी पिशवी उचलली तर ती पाण्याने जड झालेली. त्यांच्या पायाखाली चांगलं दोन बोटं पाणी साठलं होतं.

त्या पाण्याने नंतर काय केलं ते शेवटी सांगतो. तिकडून आल्यावर मात्र मी चार शनिवार-रविवार एकाच प्रश्नाच्या मागे लागलो. गाडीच्या टपाला पाणी का जिंकतं? आणि माणसं गेली शंभर वर्षं त्याच्याशी कशी भांडत आली आहेत?

आता थोडा इतिहास.

टप हा शब्द आपल्याकडे मोटारीच्या आधीपासूनचा. टांग्याला टप, बग्गीला टप, मग एसटीच्या टपावर सामान. मोटारगाडी जन्मली तीच बग्गीची बहीण म्हणून, त्यामुळे तिचा टपही बग्गीचाच. लाकडी कमानी आणि त्यावर मेणकापड किंवा रबर चढवलेलं कापड. (असं कापड स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली पेटंट केलं होतं.) १९१९ च्या सुमारास अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दहातल्या नऊ गाड्या उघड्या असत. दहा वर्षांत हे प्रमाण बरोबर उलटं झालं. लोकांना छप्पर हवं होतं.

पण गंमत अशी की 'बंद' गाड्यांचंसुद्धा छप्पर पूर्ण पत्र्याचं नव्हतं! एवढा मोठा पत्रा एका दाबात वाकवणारी यंत्रं आणि तेवढा रुंद पत्रा, दोन्ही तेव्हा सहज मिळत नसे. म्हणून कडेने पत्रा आणि मधे मोठा आयत मोकळा. त्यावर लाकडाच्या पट्ट्या, तारेची जाळी, कापूस आणि वरून डांबरासारखा लेप दिलेलं कापड. दर एकदोन वर्षांनी तो लेप पुन्हा द्यावा लागे. नाही दिला की कापड तडकलं, पाणी आत, लाकूड कुजलं. आपल्या आजोळी पावसाळ्याआधी घर शाकारायचे, तसं अमेरिकेतला माणूस गाडी शाकारत होता म्हणा ना.

हे संपलं १९३५ च्या मॉडेलांत. जनरल मोटर्सने एका अखंड पत्र्याचं पोलादी छप्पर आणलं आणि त्याला 'टरेट टॉप' असं तोफखान्याला शोभेल असं नाव दिलं. बाकीच्यांनाही त्याच वाटेने जावं लागलं. पाणी कसं हरलं? जास्त चांगल्या लेपाने नव्हे. छपरातला सांधाच काढून टाकला, म्हणून. ज्या कोडला लिहावंच लागत नाही त्यात बग नसतो, तसं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण माणसाला छप्परही हवं आणि आभाळही हवं.

दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून जीप आली. विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. टप? दोन लोखंडी कमानी आणि कॅनव्हास. फौजेला तो कोरडा राहण्याशी देणंघेणं नव्हतं, पटकन उतरवता आला की झालं. हीच जीप १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुट्या भागांतून मुंबईत जुळायला लागली, महिंद्र कंपनीकडून. पुढे ती इथेच बनू लागली आणि तहसीलदार, वनखातं, पोलीस, डॉक्टर अशा सगळ्यांची झाली. १९८५ साली मारुतीची जिप्सी आली, तिलाही कॅनव्हासचा टप होताच.

बाबा सांगतात, पावसाळ्यात धडगावच्या बाजूला खात्याच्या जीपमधून जायचं तर रेनकोट घालून 'आत' बसायचं. कुणाला त्यात काही चूक वाटत नसे. ड्रायव्हर चालू गाडीत अधूनमधून हूडला आतून मूठ मारायचा. का, तर मधे साठलेलं पाणी कडेला जावं म्हणून! ही मूठ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सुट्या फळ्यांकडे येऊ. गॉर्डन ब्युहरिग नावाचा अमेरिकन डिझायनर होता. १९३६ ची प्रसिद्ध 'कॉर्ड ८१०' ही गाडी त्याची. त्याने १९४८ मध्ये 'टास्को' नावाची एक प्रायोगिक गाडी केली. तिच्या छपराच्या मधोमध पुढून मागे जाणारी एक पट्टी होती आणि दोन्ही बाजूंच्या पारदर्शक फळ्या निघत होत्या. वरून पाहिलं तर इंग्रजी 'टी'. त्याचं पेटंट त्याला १९५१ साली मिळालं. गाडी काही बाजारात आली नाही.

१९६५ मध्ये पोर्शने ९११ ची 'टार्गा' दाखवली. चालकाच्या मागे जाड पोलादी कमान आणि पुढचं छप्पर सुटं. अमेरिकेत तेव्हा भीती होती की गाडी उलटली तर काय, या कारणावरून सरकार उघड्या गाड्यांवर बंदी आणेल. कमान हे त्याचं उत्तर होतं. मग १९६८ ची शेवरोले कॉर्व्हेट. तिला खरं तर टार्गासारखी एकच अखंड फळी द्यायची होती. पण छप्पर काढल्यावर गाडीचं अंग खड्ड्यांतून पिळायला लागलं, फळी कुरकुरायला लागली. म्हणून मधे एक आडवी-उभी आधाराची पट्टी घातली आणि फळीचे दोन तुकडे झाले. ब्युहरिगच्या कल्पनेसारखा 'टी-टॉप' रस्त्यावर आला.

म्हणजे नीट पाहा. एका सांध्याचा त्रास कमी करायला सांधे वाढवले.

याचं कारण समजायला बुटाचा खोका घ्या. झाकण लावून पिळून बघा, हलत नाही. झाकण काढा, मग पिळा. लगेच तिरका होतो. गाडीचं छप्पर म्हणजे ते झाकण. ते काढता येण्याजोगं केलं की गाडी प्रत्येक खड्ड्यात किंचित तिरकी होणार, आणि फळी व चौकट यांच्यामधली फट दर सेकंदाला थोडी कमीजास्त होणार. त्यात भर म्हणजे वेगाने जाताना टपावरच्या हवेचा दाब कमी होतो आणि फळी वर ओढली जाते. ट्रकवरची ताडपत्री वाऱ्यावर फुगते ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तेच, फक्त मिलिमीटरात.

ही फट भरायची कशाने? रबराने. साध्या रबराला ऊन आणि हवेतला ओझोन यांनी तडे जायचे. १९६० च्या दशकात ईपीडीएम नावाचं रबर आलं आणि ते दुखणं बरंच कमी झालं. पण एक दुखणं उरलंच. वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं रबर दबलेलंच राहतं, पुन्हा फुगत नाही. जुन्या सोफ्यावर बसायची जागा कळते ना, तसं.

१९७६ मध्ये पॉन्टिअॅकने ट्रान्स अॅम गाडीला 'हर्स्ट' कंपनीचे काचेचे टी-टॉप दिले. १९७७ साली 'स्मोकी अँड द बँडिट' या सिनेमात ती गाडी अशी काही पळाली की सगळ्या अमेरिकेला टी-टॉप हवे झाले. आणि ते गळायचे. ही इतकी जगजाहीर गोष्ट होती की टी-टॉपवाले पावसात मांडीवर टॉवेल घेऊन बसतात असे विनोद व्हायचे. १९७८ मध्ये जनरल मोटर्सने स्वतःच्या फिशर विभागाचे थोडे मोठे टी-टॉप आणले. १९८४ च्या कॉर्व्हेटने मधली पट्टी काढून पुन्हा एकच फळी केली, पण ती चक्क पान्याने बोल्ट आवळून बसवायची! २००२ साली पॉन्टिअॅक फायरबर्ड आणि शेवरोले कमारो बंद झाल्या तेव्हा अमेरिकेतला टी-टॉपचा जमाना संपला.

म्हणजे प्रश्न सुटला? छे. जीप रँग्लर २००७ च्या मॉडेलपासून पुढे दोन फळ्या आणि मागे एक मोठा तुकडा अशा तीन भागांचा टप देते. २०२१ मध्ये फोर्डने नव्या ब्रॉन्कोचे एका प्रकारचे सगळे सुटे हार्डटॉप बदलून द्यायचं जाहीर केलं, कारण पाणी आणि दमटपणा यांनी त्यांचा पृष्ठभाग खराब दिसू लागला होता. शंभर वर्षांनीसुद्धा पाणी अजून सामना सोडायला तयार नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर एक गोष्ट डोक्यात उजेड पाडून गेली. कोरडे राहिलेले टप बघितले तर त्यांचं रहस्य रबरात नाहीये. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या गाडीला सनरूफ असेल. तुम्हाला वाटतं त्याच्या रबरामुळे पाणी आत येत नाही. नाही हो! ते रबर थोडं पाणी आत येऊच देतं. काचेच्या खाली चौफेर एक पन्हळ असते, तिच्या कोपऱ्यांना नळ्या असतात आणि त्या गाडीच्या खांबांतून खाली जाऊन पाणी रस्त्यावर सोडतात. डिझाइन करणाऱ्याने मान्यच केलंय की पाणी येणार. त्याने फक्त ते कुठून जाईल एवढं ठरवलंय. म्हणून सनरूफ गळायला लागलं तर बहुतेक वेळा गुन्हेगार रबर नसतं. झाडाखाली गाडी लावल्याने पानं आणि धूळ जाऊन तुंबलेली नळी असते.

आणि हे आपल्याला नवीन कुठे आहे? कौलारू घर घ्या. दोन कौलांमध्ये काय चिकटवलेलं असतं? काहीच नाही. वरचं कौल खालच्यावर चढलेलं, बस. १८६५ साली बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला कारखाना काढून जी मंगळुरी कौलं बनवली, त्यांच्या कडेला एक खाच असते. फटीतून शिरलेलं पाणी त्या खाचेतून खाली वाहतं आणि पुढच्या कौलाच्या पाठीवर पडतं. तोरणमाळच्या वाटेवर साध्या कौलांची घरं दिसतात, त्यांचंही तत्त्व तेच. पाण्याला कुणी थांब म्हणत नाही. पुढे हो म्हणतात. पागोळ्या वळचणीला पडतात आणि घर कोरडं राहतं.

त्या ड्रायव्हरची मूठसुद्धा हेच करत होती. तो भोक बुजवत नव्हता. साठलेलं पाणी हलवत होता.

आता माझ्या शुक्रवारच्या पॅचचं शवविच्छेदन. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी हे वाचाच.

एक. जिथे थेंब पडतो तिथूनच पाणी शिरतं असं नसतं. पाणी चौकटीला धरून फूट दोन फूट चालत जातं आणि सोयीच्या जागी टपकतं. एरर एका मॉड्यूलमध्ये दिसते आणि चूक दुसरीकडेच असते, अगदी तसंच.

दोन. बादली ओतून टेस्ट होत नाही. गाडी कोरडी करा. एक माणूस आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर साधा पाइप घेऊन. धार हळू ठेवा. काचेच्या खालच्या कडेपासून सुरुवात करा आणि वर वर सरका. एका जागी निदान पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही.

तीन. रबरावर खडू फासा, फळी बसवा, क्लिपा लावा, पुन्हा काढा. समोरच्या कडेवर खडूची रेघ उमटलेली दिसेल. जिथे रेघ तुटली तिथे रबर टेकतच नाही. किंवा फटीत कागदाची पट्टी ठेवून फळी लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे दाब नाही. आधी क्लिपा आणि फळीची बैठक नीट करा. रबर बदलायचं ते त्यानंतर.

चार. खाचेतली भोकं शोधा. नायलॉनचा मऊ दोरा घालून साफ करा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतली नळी जोडातून सुटते.

मी हे सगळं केलं तेव्हा डाव्या पुढच्या कोपऱ्यात मला एक भोक सापडलं. दोन फळ्यांखालच्या खाचेतलं पाणी बाहेर जायचं भोक. त्याच्यावर पांढरा, गुळगुळीत, मोठ्या मायेने फासलेला सिलिकॉनचा गोळा. माझाच. मूळ गळती होती क्लिप सैल झाल्यामुळे, दिवसाला पाच-पंचवीस थेंब. तेवढं पाणी कुणाच्याही मांडीवर पडलं तरी दिसत होतं. मी वाट बंद केल्यावर खाच भरली, पाणी काचेच्या खांबातून आतल्या आत उतरलं आणि बाबांच्या पायाशी साठलं. आवाज नाही, थेंब नाही. बादलीच्या टेस्टमध्ये खाच भरायला वेळच मिळाला नव्हता. घाटात दीड तास मिळाला.

दिसणारी चूक मी न दिसणारी करून ठेवली होती. नोकरीत अशी चूक करणाऱ्याला मी काय काय बोललो असतो!

तर, त्या दिवशी. दादांच्या ओसरीवर बसून पाकीट उघडलं. अकराही फोटो एकमेकांना चिकटलेले. मी ओढायला गेलो तर बाबा म्हणाले, "थांब, ओढू नकोस." दादांच्या सुनेने परात भरून स्वच्छ पाणी आणलं. फोटो त्यात ठेवले आणि बाबांनी अर्धा-पाऊण तास बसून एकेक सोडवला. सुपात कापड पसरून, चित्राची बाजू वर करून, चुलीपासून लांब वाळत घातले. आठ निघाले. दोन गेले. एक अर्धा निघाला.

तो अर्धा म्हणजे शाळेसमोरचा. मुलं रांगेत, बाबा काळे केस असलेले, आणि कडेला पागोट्यातले दादांचे वडील. त्यांचा दुसरा फोटो घरात नाही, हे आम्हाला तेव्हाच कळलं. चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग उरला होता.

मी काहीतरी माफी पुटपुटलो. दादांनी फोटो उजेडाकडे धरला. बराच वेळ पाहिला.

"तेच आहेत, गुरुजी," ते बाबांना म्हणाले. "उभे असेच राहायचे. एक पाय पुढे."

बाबा काही बोलले नाहीत. वर कौलांवर पाऊस वाजत होता आणि ओसरीपासून हातभर अंतरावर पागोळ्यांची सरळ रांग पडत होती. आम्ही चौघं कोरडे.

आठ फोटो मी घरी येऊन स्कॅन केले, त्यांच्या प्रती दादांकडे पाठवल्या. त्या अर्ध्या फोटोचीही पाठवली. एका मित्राने कॉम्प्युटरवर चेहरा 'भरून' देतो म्हटलं होतं. नको म्हणालो. बुजवाबुजवी पुरे झाली.

टप आता ठीक आहे. क्लिपा बदलल्या, सिलिकॉन नखाने खरवडून काढलं, दोन्ही कोपऱ्यांची भोकं मोकळी आहेत. मोठ्या पावसात अजून कधीतरी एखादा थेंब मांडीवर पडतो. पडू दे. तो दिसतोय तोवर मला काळजी नाही.